नसलेल्याशी अबोला

वायरमनने देवाशी बोलणं सोडलं ते बायको गेल्यावर. त्याआधी तरी कुठे बोलत होता म्हणा. घरातला तो सगळा कारभार बायकोकडे होता. सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी ती खिडकीपाशी उभी राहून काहीतरी पुटपुटायची, आणि हा अंथरुणातूनच विचारायचा, "झालं का बोलणं? माझंही विचारलंस ना?"

"तुमचं तुम्ही विचारा. मी काय तुमची हरकामी आहे?" ती म्हणायची.

पण विचारत असणार. कारण याचं सगळं ठीक चाललं होतं.

मग ती आजारी पडली. ज्या हॉस्पिटलात हा वायरमन होता, तिथेच तिला ठेवलं. तिच्या डोक्यावरचा पंखा यानेच बसवलेला, उशाशी असलेली घंटीसुद्धा यानेच जोडलेली. तिने घंटी वाजवली की नर्स यायच्या आधी हा पोचायचा. शेवटी डॉक्टर बोलताना जमिनीकडे बघायला लागले, तेव्हा हा गच्चीवर गेला. पाण्याच्या टाक्यांच्या मधे, कोणी बघत नाही अशा जागी उभा राहिला आणि म्हणाला, "आजवर तुला कधी त्रास दिला नाही. हे एवढं एक काम कर. पुन्हा काही मागायला येणार नाही."

ती गेली.

तेव्हा वायरमनने दोन गोष्टी ठरवल्या. एक, वर कोणी नाही. दोन, जो कोणी आहे त्याच्याशी आपण यापुढे बोलायचं नाही. त्याला काही सांगायचं असेल तर त्याने आधी यावं, काय झालं ते सांगावं, मग बघू.

या दोन गोष्टी एकमेकींत बसत नाहीत, हे त्याच्या लक्षात आणून दिलं ते स्टोअरकीपरने. स्टोअरकीपरला सगळे भोंगा म्हणायचे. तो कानात सांगायचा ते तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचं.

"अरे, पण तो नाहीच म्हणतोस ना तू?" भोंगा म्हणाला.

"नाहीच."

"मग अबोला कोणाशी धरलायस?"

"त्याच्याशीच."

"नसलेल्याशी?"

"नसला म्हणून काय झालं? वागायची काही रीत असते की नाही!"

भोंग्याने कपाळाला हात लावला. पण दोस्तच तो, मग चहा मागवला.

घरात आता इतकी शांतता होती, की फ्रिजची मोटर बंद झाली तरी वायरमन दचकून वर बघायचा. स्वयंपाकघराच्या दाराजवळचं एक बटण कित्येक वर्षं बिघडलेलं होतं. बायको म्हणायची, गावभर दिवे लावत फिरता आणि घरात मी अंधारात चाचपडते. तो म्हणायचा, करतो. ती गेल्यावर एका सकाळी त्याने ते दुरुस्त केलं. काम फार तर एक चहा पिण्याइतक्या वेळाचं होतं. मग ते बटण दाबलं की दिवा लागायचा आणि दिवा लागला की याला राग यायचा. शेवटी त्याने वायर काढून ते पुन्हा पहिल्यासारखं बिघडवून ठेवलं. आता बरं होतं.

रविवारी मेव्हणी यायची. बायकोची धाकटी बहीण. येताना डबा आणायची आणि डब्याबरोबर उपदेश. ती भाविक होती, आणि तिचा भाव घरात शिरल्या शिरल्या सुरू व्हायचा.

"भाऊजी, दोन शब्द बोला त्याच्याशी. मन हलकं होतं."

"माझं मन आहे त्या वजनाचं ठीक आहे."

"ताईला बघा, किती विश्वास होता तिचा."

"मग? काय मिळालं तिला?"

यावर मेव्हणी डब्याचं झाकण उगाचच घट्ट लावायची आणि विषय बदलायची. वायरमनला वाटायचं, जिंकलो. ती गेली की मात्र जिंकल्यासारखं काही वाटायचं नाही. मग तो रेडिओ उघडून बसायचा. रेडिओ बिघडलेला नव्हता. हाताला काम हवं म्हणून उघडायचा.

कामावर त्याहून वाईट. कॅन्टीनमध्ये तो शिरला की टेबलावरच्या गप्पा थांबायच्या. कोणी आपल्या डब्यातलं त्याच्याकडे सरकवायचं, कोणी पाठीवर हात ठेवायचं. माणसं चांगली होती. पण पाठीवर हात पडला की घास घशात अडकायचा. म्हणून त्याने जेवायला दुसरी जागा शोधली. हॉस्पिटलात जिथे कोणी कोणाशी बोलत नाही अशी एकच जागा होती, ती म्हणजे शांत खोली.

ही खोली व्यवस्थापनाने काढली होती. नातेवाईक जिन्यात बसून रडतात आणि स्ट्रेचरला अडथळा होतो, अशी तक्रार होती. खोलीत आधी एक तसबीर लावली. ज्यांचा तो देव नव्हता ते नाराज झाले. त्यांची लावली तर पहिले नाराज झाले. दोन्ही लावल्या तर तिसरे आले. मग ज्यांना कोणताच देव नको होता त्यांनी अर्ज दिला. शेवटी सगळंच काढून टाकलं. भिंतीला खिळ्यांची भोकं राहिली. दोन बाक होते, दाराशी एक पायपुसणं होतं, आणि समोरच्या भिंतीवर एक पिवळा दिवा. तो वायरमननेच लावलेला. स्टोअरमध्ये धूळ खात पडला होता, भोंगा म्हणाला घेऊन जा, याने नेऊन लावला. आता लोक येऊन त्या दिव्याला हात जोडायचे.

वायरमन पुढच्या बाकावर, दाराकडे पाठ करून बसायचा. खोलीत खायला मनाई होती. म्हणून डबा मांडीवर ठेवून वर रुमाल टाकायचा, मान खाली घालायचा आणि हळूहळू, आवाज न करता चावायचा. मागून बघणाऱ्याला एवढंच दिसायचं, की एक माणूस रोज दुपारी इथे येतो, मान झुकवतो, त्याचे ओठ हलत राहतात, आणि तो इकडेतिकडे बघतसुद्धा नाही. लोक त्याच्या मागून चवड्यांवर चालायला लागले. हे त्याला सोयीचंच होतं.

एका दुपारी मागून कोणीतरी खाकरलं.

"भाऊ, तुमचं चाललेलं मोडते. रागावू नका."

बाई होती. गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत होती. शिंपीण असणार, हातातलं काम टाकून धावत आलेली, आणि मग ती पट्टी काढायची तिला आठवणच राहिली नसेल. वायरमनच्या तोंडात भला मोठा घास होता. त्याने थांबा म्हणून हात वर केला. बाईने त्या हाताखाली डोकं वाकवलं.

"मी रोज बघते तुम्हाला," ती म्हणाली. "इतकं मन लावून करताना मी कोणाला बघितलं नाही. माझी सासू वर आहे, चौथ्या मजल्यावर. पडली ती उठलीच नाही. डोळे मिटून आहे. मी सांगून बघितलं त्याला, पण माझं तोंड वाईट आहे, माझं कोण ऐकणार? तुम्ही टाकाल का एक शब्द तिच्यासाठी?"

घास कोरडा होता. गिळवेना, थुंकवेना. बाई वाट बघत उभी. काहीतरी करायला हवं म्हणून वायरमनने मान हलवली.

दुसऱ्या कोणी मान हलवली असती तर काही बिघडलं नसतं. पण या माणसाची मान वेगळी होती. हॉस्पिटलात कोणीही त्याला वाटेत गाठायचं, अमक्या वॉर्डात पंखा कुरकुरतोय, तमक्या खोलीत प्लगमध्ये ठिणगी येते. तो कधी हो म्हणायचा नाही, नाही म्हणायचा नाही. फक्त मान हलवायचा. आणि मान हलवली की काम झालं समजून माणूस निघून जायचा. उभ्या नोकरीत त्याने मान हलवली आणि काम केलं नाही असं झालं नव्हतं. घरचं ते बटण सोडून. पण तिथे त्याने मान हलवली नव्हती, करतो म्हणाला होता.

बाई डोळे पुसून निघून गेली. वायरमनने घास गिळला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण काम अंगावर घेतलं.

दुपारभर तो चिडचिडा होता. संध्याकाळी त्याने भोंग्याला सांगितलं.

"एवढंच ना?" भोंगा म्हणाला. आवाज स्टोअरभर घुमला. "सांग तिला, केलं म्हणून. तिला काय मीटर लावून मोजता येणार आहे?"

"न करता केलं म्हणून सांगू?"

"मग करून टाक. दोन ओळी बोल आणि मोकळा हो."

"माझा अबोला आहे."

"मग मोड."

"मी का मोडू? चूक त्याची आहे!"

भोंगा खोक्यावर बसला. "लेका," तो जमेल तेवढ्या हळू म्हणाला, "तुझी बायको होती तोवर तू इतका देवाधर्माचा नव्हतास."

रविवारी वायरमनने दुसरी वाट काढली. हे काम पुढे दुसऱ्याकडे द्यायचं. मेव्हणी डबा उघडत होती तेव्हा तो सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "तुझं तिकडे रोजचं जाणं-येणं आहे. एका बाईंचं एक काम मी अंगावर घेतलंय. तेवढं सांगशील?"

मेव्हणीचा हात थांबला. "कोण बाई?"

"आहे एक. शिवणकाम करते."

"तुम्हाला कुठे भेटली?"

"शांत खोलीत."

"रोज भेटते?"

"अगं, तिची सासू आजारी आहे!"

"हो का," मेव्हणी म्हणाली. "आणि नवरा?"

वायरमनने हात जोडले. देवाला नव्हे, तिला. "राहू दे बाई. मी विचारलंच नाही असं समज."

"मी सांगेन हो, सासूचं काय, सांगेन," मेव्हणी नरमली. "पण शब्द तुम्ही दिलात. माझ्या सांगण्याने तुमचा शब्द कसा फिटणार?"

हेच त्यालाही कळत होतं, म्हणून जास्त राग आला.

शिंपीणबाई रोज दुपारी शांत खोलीत यायची. मागच्या बाकावर बसायची आणि याचं उरकलंसं वाटलं की पुढे वाकून विचारायची, "टाकलात का शब्द?"

"काम हातात आहे," वायरमन म्हणायचा. खोटं नव्हतं.

"वेळ लागतो का हो?"

"लागतो कधीकधी. लाइन जुनी आहे."

ती समाधानाने मान डोलवायची. एकदा तिचं विचारणं आणि समोरचा दिवा मंद होणं एकाच वेळी झालं. दिवा क्षणभर खाली गेला, पुन्हा वर आला. बाईने याचा दंडच धरला. "बघितलंत? पोचलं!"

पोचलं बिचलं काही नव्हतं. शेजारच्या लिफ्टची मोटर सुरू झाली की तो दिवा दबायचा. कुठेतरी जोड सैल होता. वायरमनला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण दिवा चालू आहे ना, मग बघू कधीतरी, म्हणून राहिलं होतं. आता ती बाई रोज दिव्याकडे बघून बसायला लागली. दिवा दबला की तिचा चेहरा उजळायचा. तो उजळलेला चेहरा वायरमनला बघवेना. आपण न केलेल्या कामाची पोच दुसराच कोणीतरी देतोय, तीही लिफ्टच्या मोटरकडून! याहून मोठी फसवणूक कोणती? एका सकाळी तो शिडी घेऊन आला आणि त्याने जोड पक्का केला.

दुपारी बाई येऊन बसली. बसूनच राहिली. बाहेर लिफ्टचं दार वाजलं, मोटर घरघरली. दिवा ढिम्म.

"दिवा का हो हलत नाही आज?"

"दुरुस्त केला मी," वायरमन म्हणाला. डबा आज त्याने उघडलाच नव्हता. "लिफ्टमुळे होत होतं ते. त्यात दुसरं काही नव्हतं. तुम्ही उगाच भलती आशा धरून बसाल म्हणून सांगतो."

त्याला वाटलं, आता ही रडणार. ती भडकली.

"लिफ्टमुळे होतं ते मला कळत नाही? शिवणयंत्राला मोटर आहे माझ्या, ती सुरू केली की घरातला दिवा असाच दबतो. पण निदान कळायचं तरी, की कोणीतरी आपल्या माणसाला भेटायला वर निघालंय. मी इथेच बसून असायचे. कोणाला विचारून दुरुस्त केलात?"

 बिघाड दुरुस्त करायला कोणाला विचारावं लागतं, हे वायरमनला माहीतच नव्हतं.

"तुम्ही वर का जात नाही?" त्याने विचारलं.

बाई मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "आधी तुम्ही सांगा. शब्द टाकलात की नाही? खरं सांगा. डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. मला कळायला हवं."

काम झालं नसताना झालं म्हणणं वायरमनच्या जिभेला जमण्यासारखं नव्हतं.

"नाही टाकला," तो म्हणाला. "तुम्ही बघता ते मी जेवत असतो. हा डबा." त्याने रुमाल उचलून दाखवला. "माझा त्याच्याशी अबोला आहे."

बाई डब्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर आधी काहीच नव्हतं. मग तिला हसू यायला लागलं, आणि ते आवरेना. शांत खोलीत दुसरं कोणी नव्हतं म्हणून बरं.

"जेवत होतात! आणि मी मेली घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, एक मोठा माणूस भेटलाय म्हणून!" तिने पदराने डोळे पुसले. "अबोला कशावरून?"

वायरमनने सांगितलं. बायको, गच्ची, टाक्या, सगळं. भोंग्यालाही त्याने गच्चीचं सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "आता त्याने आधी बोलायला हवं."

"आणि तो आहे असं तुम्हाला वाटतं?"

"नाही वाटत."

"म्हणजे जो नाही त्याने आधी बोलायचं, तोवर तुम्ही गप्प. मग तर भाऊ, जन्म जाईल तुमचा."

"जाऊ दे."

बाई मग एकदम म्हणाली, "माझाही आहे अबोला. सासूशी. म्हणून वर जात नाही."

"आजारी माणसाशी?"

"आजारी आता पडली. अबोला आधीचा आहे. शेजारणीला म्हणाली, आमच्या सुनेची शिलाई उसवते. माझी शिलाई! आणि म्हणाली तेव्हा अंगावर मी शिवलेलेच कपडे होते! मी ठरवलं, आता ती आधी बोलेल तेव्हाच. नवऱ्यामार्फत बोलायचो आम्ही. म्हणजे मी याच्याकडे बघून म्हणायचं, 'त्यांना म्हणावं जेवायला चला', आणि ती दोन हातांवर बसलेली. तिने याला म्हणायचं, 'तिला म्हणावं भूक नाही.' आणि एक दिवस ती पडली. नर्स म्हणते, बोला तिच्याशी, अशा माणसांना ऐकू येतं असं म्हणतात. आता मी काय बोलू? आणि मी आधी बोलले तर..." तिचा आवाज चिरकला. "तर ती उठल्यावर म्हणेल, बघा, हिनेच माघार घेतली."

"म्हणेल की. म्हणण्यासाठी उठायला तरी लागेल तिला."

बाईने त्याच्याकडे बघितलं. "हे तुम्ही सांगताय मला?"

वायरमनही ओशाळला. दोघं समोरच्या भिंतीवरच्या भोकांकडे बघत बसले.

"असं करू," बाई शेवटी म्हणाली. "तुम्ही तुमचा मोडा, मी माझा मोडते."

"आधी तुम्ही."

"का? शब्द तुम्ही दिलाय."

"शब्द नाही, मान हलवली."

"मग हलवलेली मान पाळा."

शेवटी असं ठरलं, की कोणीच आधी नाही. ती जिन्याने वर जाईल. ती चौथ्या मजल्यावर पोचली असेल एवढा वेळ हा थांबेल, आणि मग दोघं एकदमच. तिने मोजपट्टी गळ्यातून काढली, घडी घातली आणि गेली.

वायरमन एकटा राहिला. त्याने घसा साफ केला. मग "हं" म्हणाला, फोनवर म्हणतात तसं. पलीकडून काही आलं नाही. येणार नव्हतंच.

"चौथ्या मजल्यावर एक म्हातारी आहे," तो म्हणाला. "जिभेची तिखट आहे म्हणतात. तिला उठव. एवढंच."

झालं. हलवलेली मान पाळली. त्याने डबा पिशवीत घातला आणि उठला. दारापर्यंत गेला. दाराच्या कडीवर हात ठेवला. मग वळला आणि परत येऊन बाकावर बसला.

"आणि माझ्या वेळेला काय झालं होतं तुला?"

एकदा तोंड उघडल्यावर मिटणं सोपं नव्हतं. बायकोला काय झालं होतं ते त्याने सांगितलं, जसं काही देव सोडून सगळ्यांना माहीत होतं. ती शेवटी पाणी मागत होती आणि डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं, ते सांगितलं. सकाळी-सकाळी खिडकीत उभी राहून ती तुझ्याशी बोलायची, मी अंथरुणात लोळत चेष्टा करायचो, तर राग माझ्यावर काढायचा होतास, तिच्यावर का काढलास, हे विचारलं. आवाज चढला. त्याच्या नकळत चढला. जेवणाची सुट्टी संपली, कुठल्यातरी वॉर्डातून पंखा बंद पडल्याचा निरोप आला, आणि भोंगा त्याला शोधत शांत खोलीच्या दाराशी आला. त्याने दार किलकिलं केलं, ऐकलं, आणि अलगद लावून घेतलं. दोन नातेवाईक आत जायला आले होते. भोंगा आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजला, "आत काम चालू आहे. जरा थांबा."

म्हातारी काही दिवस तशीच होती. शिंपीणबाई रोज वर जायची, खुर्ची ओढून बसायची आणि बोलायची. आधी शिलाईवरून भांडली, म्हणे. मग लग्न होऊन आली तेव्हापासूनचं सगळं उकरून काढलं. मग भांडण संपलं आणि नुसतंच बोलत राहिली, घरात काय चाललंय, कोणाचे कपडे शिवायला आलेत. म्हातारीने डोळे उघडले नाहीत. आणि मग ती गेली.

बाई शेवटची शांत खोलीत आली तेव्हा तिच्या हातात सासूच्या कपड्यांचं गाठोडं होतं. ती मागच्या बाकावर न बसता पुढे येऊन बसली.

"काम झालं नाही, भाऊ."

"हो," वायरमन म्हणाला. "दुसऱ्यांदा."

"तिने ऐकलं असेल का हो माझं?"

"नर्स काय म्हणते?"

"ऐकू येतं असं म्हणतात, म्हणते."

"असं म्हणतात," वायरमन म्हणाला. त्याला दुसरं काहीतरी म्हणायला आवडलं असतं, पण त्याच्याकडे एवढंच होतं.

बाईने गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. "एक शिवण नाही उसवलेली. सगळे बघितले मी," ती म्हणाली, आणि मग रडली. तिचं रडून होईपर्यंत तो बसून राहिला. पाठीवर हात ठेवला नाही.

जाताना तिने विचारलं, "आता पुन्हा अबोला धरणार?"

"धरणार होतो. सकाळी ठरवूनच आलो होतो. पण त्याला सांगितल्याशिवाय कसा धरणार? का धरतोय ते कळायला नको त्याला? म्हणून सांगायला बसलो, ते अजून संपलेलं नाही."

ते संपेना. हॉस्पिटलातली सुट्टी पुरेना म्हणून तो घरीही बोलायला लागला. खिडकीपाशी वगैरे उभा राहायचा नाही. भांडी घासता घासता बोलायचा, बूट पुसता पुसता बोलायचा. तो आहे असं त्याला वाटायला लागलं होतं का? विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. पण मधेच थांबून, समोरच्याला उत्तर द्यायला वेळ द्यावा तसा, वाट मात्र बघायचा. घरातली शांतता पूर्वीइतकीच होती. फ्रिजची मोटर बंद झाली तरी आता तो दचकत नव्हता. बोलण्यात असायचा.

एका रविवारी मेव्हणी जिना चढून आली तर आतून आवाज. आधी तिला वाटलं, कोणी आलंय. मग ती शिंपीण तर नाही, असंही मनात येऊन गेलं. तिने दार ढकललं. वायरमन एकटाच होता. हातात पुसायचं फडकं, आणि छताकडे बघून चाललेलं, "हे बघ, तू मोठा असशील तुझ्या घरचा. पण केलेल्या कामाचा जाब द्यावा लागतो. मलाही द्यावा लागतो. पंखा पडला तर मला विचारतात, तो काय आपोआप पडला म्हणून सोडत नाहीत."

मेव्हणीच्या हातातून डबा पडता पडता राहिला. "भाऊजी! कोणाशी बोलताय?"

"कोणाशी म्हणजे? तूच म्हणत होतीस ना, दोन शब्द बोला म्हणून?"

"असे? देवाशी असं बोलतात? अरे-तुरे करून, फडकं हलवून? यापेक्षा तुमचा अबोला बरा होता!"

"मला दुसरं येत नाही. येतं तसं बोलतोय."

"तो काय म्हणेल!"

"काही म्हणत नाही. तीच तर तक्रार आहे."

मेव्हणीने डबा टेबलावर ठेवला. खुर्ची ओढून टेकली. उपदेश सुरू होईल म्हणून वायरमन वाट बघत राहिला, पण ती नुसतीच बसली होती, हात मांडीवर, जिने चढून दमल्यासारखी.

"ताईचंच चाललंय का?" तिने विचारलं.

"तिचंच. दुसरं काय असणार?"

"पुष्कळ राहिलंय?"

"आहे अजून. का?"

मेव्हणीने दाराकडे बघितलं. दार उघडंच होतं. ती उठली, दार लावलं, आणि परत येऊन बसली.

"मग आटपा तुमचं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "तुमचं झालं की मलाही त्याला जरा विचारायचंय."